फर्मा आणि फाइल

जे गाव घाटावर जाणाऱ्या बैलगाड्यांना चाके घडवून देत असे, जेथे नगरपालिका १८५२ इतक्या पूर्वी स्थापन झाली आणि २०१६ च्या ऑक्टोबरात तिची महानगरपालिका झाली, आणि ज्याच्या आसमंतातील भातखाचरे गेल्या अर्धशतकात आधी सिडकोच्या व नंतर विमानतळाच्या नकाशावर चढली, त्या पनवेलमध्ये जुने कागद गोळा करणाऱ्या मनुष्यास कागदांची वाण कधीच पडत नाही. खरेदीखते, कबुलायती, वाटणीपत्रे, इनामांच्या सनदा आणि फेरफारांचे उतारे घरोघरी पेट्यांत पडून आहेत, आणि कोणी आस्थेने विचारपूस केली तर ते बाहेरही निघतात. वाण पडते ती या सर्वांस एकत्र नांदविणाऱ्या जागेची. पूर्वी ही जागा म्हणजे भिंतीतले फडताळ होते, आणि ते भरत आले की घरातल्या लहान मुलालाही दिसत असे. आता ती जागा म्हणजे संगणकाची स्मृती आहे. ती भरत आल्याचे कोणासच दिसत नाही, आणि भरल्यावर जे होते ते सर्वांस भोगावे लागते.

आमच्या लाइन आळीतील एका घरात याच प्रश्नावर मामा-भाचीचा वाद चालू आहे. मामांनी आयुष्याचा मोठा भाग खिळ्यांच्या छापखान्यात आणि त्यानंतरचा डीटीपीच्या यंत्रापुढे घालविला. सध्या ते पनवेल तालुक्यातील मोडी कागदांचे देवनागरी लिप्यंतर, मूळ कागदांच्या छायाचित्रांसह, एका ग्रंथात आणीत आहेत. भाची महाप्यास एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. जुन्या पिढीचा ग्रंथकर्ता अखंड ग्रंथाचा आग्रह धरील आणि यंत्र जाणणारी तरुण पिढी त्यास 'तुकडे करा' असा व्यावहारिक सल्ला देईल, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रकार नेमका उलटा आहे, आणि म्हणूनच तो लिहून ठेवावासा वाटला. बोलण्यातील पुनरुक्ती मी गाळली आहे. जेथे एकाची बाजू मला अधिक सबळ वाटली तेथे तसे सांगण्यास मात्र कचरलेलो नाही.

मामा : ग्रंथ वाढला, फाइल जड झाली, एक अक्षर टाइप करावे आणि ते पडद्यावर उमटण्याची वाट पाहत बसावे अशी पाळी आली, तेव्हा मी गावागावाची फाइल वेगळी केली. तळोज्याची एक, आपट्याची एक, शिरढोणची एक. आता काम सुरळीत चालले आहे. यात तुला वावगे काय दिसते?

भाची : वावगे एवढेच, मामा, की हा निर्णय तुमचा नाही. ग्रंथाची रचना तुम्ही विषयानुसार करणार होता. खरेदीखते एका भागात, इनामे दुसऱ्यात, देवस्थानांचे कागद तिसऱ्यात. यंत्र थकले म्हणून ती तुम्ही गावानुसार केली, कारण गावानुसार तुकडे सारख्या आकाराचे पडत होते. ग्रंथाची मांडणी ग्रंथाच्या आशयाने ठरायची ती यंत्राच्या दमाने ठरली. मला दुःख आहे ते याचे.

मामा : अग, छापखान्यात अखंड ग्रंथ कोणी कधी पाहिला होता? देवनागरीच्या एकाच आकाराच्या टाइपाला काने, मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत. तेवढी घरे एका केसमध्ये मावत नसत, म्हणून जुळाऱ्यापुढे केसेस मांडलेल्या असत. चारशे पानांचे सगळे खिळे एकदम जुळवून ठेवायचे म्हटले तर तेवढे शिसे आणायचे कोठून? म्हणून सोळा पानांचा फर्मा जुळवायचा, प्रूफ काढायचे, दुरुस्त्या करायच्या, फर्मा छापायचा, आणि छापून झाला की खिळे धुऊन ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचे, तेव्हा कोठे पुढच्या फर्म्याला खिळे मिळत. एकदा फर्मा सुटला की लेखकाने कितीही गयावया केली तरी त्यातला एक अनुस्वार हलत नसे. शुद्धिपत्र त्यासाठीच असे. त्या मर्यादेत मराठीतले सगळे मोठे ग्रंथ झाले. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला, आणि राहिलेले शब्द १९५० साली पुरवणीत आले. त्यांनी काही तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

येथे मला मध्येच सांगावेसे वाटते की मामांचे हे म्हणणे केवळ स्मरणरंजन नव्हे. शिशाचा साठा ही छापखान्याची स्मृतीच होती, आणि ती मर्यादित आहे हे मालकापासून खिळे धुणाऱ्या पोऱ्यापर्यंत सर्वांस ठाऊक असल्यामुळे कामाचा सारा शिरस्ता तिच्याभोवती बांधलेला असे. लेखकही तो जाणून असत.

भाची : तुमच्या बाजूने साक्ष द्यायला मी आमच्याच शास्त्रातला फार मोठा माणूस उभा करते. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ च्या सुमारास ग्रंथ जुळविण्यासाठी टेक नावाचा प्रोग्रॅम तयार केला. गणिताची पुस्तके आजही त्यावर निघतात. परिच्छेदातील ओळी कोठे तोडाव्यात हे तो सबंध परिच्छेद विचारात घेऊन ठरवतो, आणि म्हणून त्याच्या ओळी इतक्या देखण्या पडतात. पाने कोठे तोडावीत हे मात्र तो सबंध ग्रंथ विचारात घेऊन ठरवीत नाही, कारण त्या वेळच्या यंत्रांच्या स्मृतीत तेवढी जागाच नव्हती. पान भरले की ते बाहेर टाकायचे आणि विसरून जायचे.

मामा : म्हणजे खिळे परत केसमध्ये.

भाची : अगदी तसेच. आणि 'पुढे अमुक पानावर पाहा' असे लिहायचे असेल तर तो पानांक एका वेगळ्या फायलीत टिपून ठेवून सगळा ग्रंथ पुन्हा एकदा जुळवावा लागतो. परंतु मामा, ती सत्तरच्या दशकातली अडचण होती. आज तुमच्या टेबलावरच्या साध्या यंत्रात त्या काळच्या मोठमोठ्या संस्थांकडे नव्हती इतकी स्मृती आहे. तरी तुमचा ग्रंथ त्यात मावत नाही, याला तुम्ही सृष्टीचा नियम म्हणता आणि मी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची हयगय म्हणते.

मामा : हयगय की माझ्या ग्रंथाचा आकार?

भाची : मोजूनच पाहू. 'राष्ट्र' हा शब्द घ्या. डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त आणि र अशी सात चिन्हे साठविली जातात, आणि यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट पडतात. दोन अक्षरांचे एकवीस बाइट झाले. रोमन अक्षराला एकच बाइट पुरतो.

मामा : इस्की या जुन्या पद्धतीत आम्हालाही एकच पुरत असे. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसविलेले यंत्र मी पाहिले आहे. त्यावर चिन्हाला एक बाइट, आणि काम चोख. तुमच्या युनिकोडने आमचे ओझे तिप्पट केले.

भाची : केले, हे मान्य. पण एका छापखान्याची फाइल दुसऱ्या छापखान्यात उघडली की अक्षरांच्या जागी चौकोन आणि किडेमुंग्या दिसायच्या, ते दिवस त्यानेच संपविले. ते असो. तुमच्या ग्रंथात एक कोटी चिन्हे आहेत असे समजू, म्हणजे तो फारच प्रचंड झाला. त्याचे तीन कोटी बाइट होतात. तीस एमबीसुद्धा भरत नाहीत. चार जीबी स्मृती असलेल्या यंत्रात, दुसरे काही नसेल तर, असे शंभराहून अधिक ग्रंथ राहतील.

मामा : आणि माझा एक राहत नाही.

भाची : कारण तुम्ही त्यात कागदांची छायाचित्रे चिकटविली आहेत. ए-फोर आकाराचा एक कागद ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केला की त्यात आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके येतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर एका कागदाचे दोन कोटी साठ लाखांहून अधिक बाइट होतात. हार्ड डिस्कवर ते चित्र आवळून बांधलेले असते, म्हणून लहान दिसते. पडद्यावर दाखविण्यासाठी प्रोग्रॅमला ते सोडून पसरावे लागते. म्हणजे तुमच्या एका कबुलायतीच्या चित्राला स्मृतीत जवळजवळ तेवढीच जागा लागते जेवढी एक कोटी चिन्हांच्या सबंध मजकुराला.

हे गणित ऐकून मामा काही वेळ कागदावर स्वतः गुणाकार करीत बसले. माझीही समजूत तोवर अशीच होती की ग्रंथ लांब झाला म्हणून यंत्र दमते; मजकूर इतका हलका आणि चित्र इतके जड हे प्रमाण सामान्य माणसाच्या कल्पनेत सहसा येत नाही, कारण कागदावर त्या दोहोंचे वजन सारखेच असते.

मामा : बरे, चित्रे बाजूला काढली. मग मजकुराची फाइल वाऱ्यासारखी पळाली पाहिजे. मी करून पाहिले आहे, पळत नाही.

भाची : त्याचे कारण मजकुरात नाही, मजकुराभोवती प्रोग्रॅम जो पसारा मांडतो त्यात आहे. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या संपादकाकडे एकदा पस्तीस एमबीची एक फाइल आली. तिच्यात एक कोटी सदतीस लाख ओळी होत्या. तो प्रोग्रॅम तेव्हा प्रत्येक ओळीची स्वतंत्र नोंद ठेवीत असे आणि एकेका नोंदीला चाळीस ते साठ बाइट लागत. ओळी जेमतेम दोन-तीन अक्षरांच्या, आणि प्रत्येकीमागे हा एवढा खर्च. पस्तीस एमबीच्या फाइलीने सुमारे सहाशे एमबी जागा अडविली. २०१८ साली त्यांनी आतली सगळी व्यवस्था मोडून नव्याने लिहिली, तेव्हा तो प्रकार थांबला.

मामा : नव्याने म्हणजे कशी?

भाची : युक्ती जुनीच आहे. १९७४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात ब्राव्हो नावाचा लेखनसंपादक तयार झाला. तो घडविणाऱ्यांपैकी चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तेथे १९८३ मध्ये वर्ड निघाला. त्यांची रीत तुम्हाला तलाठ्याच्या दप्तरावरून चटकन समजेल. जमीन विकली गेली, वारस लागले, बोजा चढला, तरी तलाठी जुना कागद खोडून त्यावर नवा लिहीत नाही; गाव नमुना सहामध्ये, फेरफार नोंदवहीत, खाली एक नवी नोंद घालतो, आणि आजचा उतारा त्या सगळ्या नोंदींच्या आधाराने तयार होतो. संपादकातही मूळ फाइल जशीच्या तशी डिस्कवर राहते, तिला कोणी हात लावीत नाही. तुम्ही जे नवीन टाइप कराल ते एका वेगळ्या वहीत एकाखाली एक साठत जाते. आणि एक लहानसा तक्ता असतो, तो एवढेच सांगतो की मूळ फाइलीतला इथपासून इथपर्यंतचा मजकूर घ्या, मग वहीतला हा तुकडा, मग पुन्हा मूळ फाइलीतला पुढचा. फाइल कितीही मोठी असो, तुम्ही दहा दुरुस्त्या केल्या तर तक्ता वीस-पंचवीस ओळींचा होतो. दुरुस्ती मागे घ्यायची म्हणजे तक्त्यातला फेरफार रद्द करायचा. पडद्यावर जेवढे पान दिसते तेवढाच मजकूर डिस्कवरून उचलायचा. बाकीचा स्मृतीत आणण्याचे कारणच नाही.

मामा : अगदी चोख व्यवस्था आहे. पण पोरी, तूच म्हणतेस की ही रीत वर्डमध्ये पहिल्यापासून आहे. मी वर्डच वापरतो. मग माझे घोडे कोठे अडते?

मला वाटते वादातला सर्वांत मार्मिक प्रश्न हाच होता, आणि भाचीनेही त्याचे उत्तर देताना आपली बाजू थोडी सैल केली.

भाची : पानांपाशी. मजकूर हलका असतो हो, पान जड असते. वर्डला तुम्हाला ६१२ वे पान दाखवायचे असेल तर आधीच्या ६११ पानांत काय काय मावले हे त्याला ठाऊक असावे लागते. त्यासाठी प्रत्येक ओळ कोठे तुटते, कोणती जोडाक्षरे कोणत्या आकारात जुळतात, तळटीप किती जागा खाते, हे सगळे मांडून ठेवावे लागते. तिसऱ्या पानावर तुम्ही एक वाक्य घातले की तेथून पुढची सगळी मांडणी हलू शकते. शिवाय अनुक्रमणिका, शुद्धलेखनाची तपासणी, आणि 'तळोजा' हे जेथे जेथे असेल तेथे 'तळोजे' करा असा एकच हुकूम दिला तर झालेल्या हजारो बदलांची, मागे घेण्यासाठी लागणारी, नोंद. हे सारे एकाच वेळी जवळ बाळगायचे म्हटले की स्मृती भरते. ती भरली की यंत्र त्यातला काही भाग डिस्कवर उतरवते, लागला की परत आणते, पुन्हा उतरवते. काम होत नाही, नुसती ने-आण होते, आणि तुम्ही म्हणता हँग झाला. म्हणून वर्डनेच आपली हद्द घालून ठेवली आहे : नुसता मजकूर बत्तीस एमबीपर्यंत, आणि चित्रांसह सगळी फाइल ५१२ एमबीपर्यंत. गूगलच्या ऑनलाइन डॉक्समध्ये तर सुमारे दहा लाख वीस हजार चिन्हांवर हद्द संपते.

मामा : म्हणजे अडचण सगळी पान मांडण्यात आहे. आणि पान हाच तर माझा धंदा. मी मजकूर वाचतो तो पानावर. कोठली ओळ पानाच्या डोक्यावर एकटी लोंबते, कोठे मथळा तळाला पडून मजकूर पलीकडे गेला, हे मला आधी दिसते आणि मग अर्थ कळतो. तू म्हणशील, लिहिताना पाने दाखवू नका, पाने शेवटी पाडा.

भाची : तेच म्हणणार होते. लिहिताना सगळा ग्रंथ एकाच साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवायचा, पाने नाहीत, चित्रे नाहीत. चित्राच्या जागी फक्त त्याचा क्रमांक. सगळे ठरले की मग पाने जुळवायची.

मामा : ते माझ्याने होणार नाही. पानाशिवाय मजकूर मला वाचताच येत नाही. माझी सवय जुनी असेल, पण ज्या सवयीने चुका सापडतात ती मोडावी असे मला वाटत नाही. आणि एक गोष्ट तू विसरतेस. एका फाइलीत सगळा ग्रंथ म्हणजे एक दिवा आणि सगळे घर त्याच्या उजेडात. फाइल बिघडली तर सगळेच गेले. गावागावाच्या फाइली असल्या तर आपट्याची बिघडेल, तळोज्याची शाबूत राहील. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत. सरदेसाईंनी त्यांतून निवडून पंचेचाळीस खंड छापले, तेही एकेक करून. वाळवी लागली तर एका रुमालाला लागावी, दप्तराला नव्हे, एवढा शहाणपणा त्या बांधणीत होता.

भाची : रुमालात तोटाही होता. एकाच व्यवहाराचे चार कागद चार रुमालांत पडले तर त्यांची गाठ पडायला तुमच्यासारख्याचे आयुष्य लागते. तुमच्या फाइलींचेही तेच होऊ लागले आहे. मोडीत ह्रस्वदीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. एकच नाव तुम्ही तळोज्याच्या फाइलीत एका तऱ्हेने लिहिले आहे आणि शिरढोणच्या फाइलीत दुसऱ्या. माणूस एकच, पण सूचीत दोन झाला. सगळे एकत्र असते तर एका शोधात सापडले असते. बिघाडाचे म्हणाल तर त्याला उपाय फाइल तोडण्याचा नाही, तिच्या प्रती ठेवण्याचा आहे. चांगला प्रोग्रॅम सेव्ह करताना जुन्या फाइलीवर लिहीतच नाही. नवी फाइल पूर्ण लिहून झाली की मगच तिला जुनीचे नाव देतो, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी जुनी प्रत हातची जात नाही.

येथे माझे मत भाचीकडे झुकते. सूचीतला माणूस दोनदा जन्मास येणे हा संशोधनग्रंथात लहानसहान दोष नव्हे. ज्या वाचकास आपल्या पणजोबांचा माग काढायचा आहे तो एकाच नावापाशी थांबतो आणि दुसऱ्या कागदापर्यंत कधीच पोहोचत नाही. पानाविषयीचे मामांचे म्हणणे मात्र मला भाचीने वाटते तितके जुनाट वाटत नाही. डोळ्यांस सवय झालेल्या आकारातच दोष उठून दिसतात, हे कोणत्याही मुद्रितशोधकास विचारावे.

मामा : तुझे इतके सगळे मान्य केले, तरी माझी एक तक्रार उरते आणि तिचे उत्तर तुझ्या शास्त्राने द्यायला हवे. मर्यादा आहे याचा मला राग नाही. आयुष्यभर शिशाच्या मर्यादेत राहिलो. पण शिसे संपत आले की केसमधली घरे रिकामी दिसत. 'ह' संपला, 'त्त' संपला, हे जुळारी सकाळीच सांगायचा. तुमचे यंत्र काहीच बोलत नाही. चालते, चालते, आणि एकदम थांबते. किंवा त्याहून वाईट, थांबतच नाही आणि मधले काही गाळून पुढे जाते.

भाची : याला माझ्याजवळ उत्तर नाही, मामा, कबुली आहे. जुन्या संगणकांत हिशेबासाठी सोळा बिटांची एक जागा असे आणि तिच्यात ६५,५३६ हून अधिक वेगळ्या संख्या मावत नसत. विंडोज ९५ मधल्या नोटपॅडला चौसष्ट केबीहून मोठी फाइल उघडता येत नसे ती याच संख्येमुळे; पण तो निदान तसे स्पष्ट सांगे आणि वर्डपॅडमध्ये उघडू का असे विचारी. एक्सेलच्या जुन्या फाइलीतल्या ओळींची हद्दही हीच, ६५,५३६. २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये कोरोनाच्या चाचण्यांचे निकाल अशा जुन्या प्रकारच्या फाइलींत ओतले जात होते, एकेका रोग्याला कित्येक ओळी लागत, फाइल भरली, आणि पुढच्या ओळी आल्या त्या पडल्याच नाहीत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले १५,८४१ बाधित मोजणीत आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांना वेळेवर निरोप गेला नाही.

मामा : कोणी सांगितलेच नाही?

भाची : फाइलीने नाही सांगितले. माणसांच्या लक्षात आले तेव्हा आले.

या एका मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले, आणि माझेही त्यांच्याशी आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हद्द कोठे घालावी हा त्याचा अधिकार; यंत्रे निरनिराळी असतात, पैसा मर्यादित असतो, आणि अमर्याद स्मृतीचे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही. परंतु हद्द ओलांडली जात असता गप्प राहणे, आणि कारकुनाने विश्वासाने हाती दिलेल्या नोंदी मुकाट्याने टाकून देणे, यास हयगय हा शब्दही मला अपुरा वाटतो. सरकारी दप्तरात एखाद्या कारकुनाने असे केले असते तर त्याची चौकशी झाली असती.

मामा : मग ठरव काय करायचे ते. विषयानुसार मांडणी मला परत हवी आहे. तू म्हणालीस ते मनाला लागले. इनामांचे कागद गावागावांत विखुरलेले पाहून मलाच कसेसे होते.

भाची : चित्रे सगळी बाहेर, एका फोल्डरमध्ये, क्रमांकाने. मजकूर एका फाइलीत. त्यातून पाने पाडणारा लहानसा प्रोग्रॅम मी लिहिते. तो विषयाचा एकेक भाग स्मृतीत आणील, त्याची पाने तुमच्यापुढे मांडील, आणि तुमचे झाले की सोडून देईल. तुम्हाला पान दिसेल, मला अखंड फाइल मिळेल.

मामा : म्हणजे फर्माच की.

भाची : फर्माच. पण तो यंत्राने पाडायचा, तुम्ही नव्हे. आणि सुटलेला फर्मा कधीही परत बोलावता येईल.

मामा : आणि हे सगळे तुझ्या महाप्याच्या यंत्रावर चालेल. माझा वाचक कोठे बसतो ते तू पाहिले नाहीस. तो सार्वजनिक वाचनालयात बसतो, आणि तेथे जो संगणक असतो त्याची स्मृती दोन जीबीची असली तरी नशीब. छापील प्रत महाग होणार, म्हणून मी ग्रंथ तेथेही ठेवणार आहे. त्या यंत्रावर तुझा प्रोग्रॅम चालला तर मी मानीन.

भाची : दोन जीबीवर चालेल असाच लिहिते.

मामा : आधी लिही. आणि हा कागद बघ. पळस्प्याचा आहे. वरच्या अंगाला इनाम कायम केल्याची मखलाशी, आणि त्याच कागदाच्या पाठीवर, पुढच्या पिढीच्या हातची, त्याच जमिनीतल्या तुकड्याची खरेदी. इनामांत घालू की खरेदीखतांत?

भाची : दोन्हीकडे. मजकूर एकदाच ठेवायचा, तक्त्यात त्याचा उल्लेख दोन ठिकाणी करायचा.

मामा : पृष्ठांक कोणता देणार?

भाची : पाने पडल्यावर दोन पृष्ठांक येतील.

मामा : एका कागदाला दोन पृष्ठांक मी छापणार नाही. मूळ एका जागी छाप, दुसऱ्या जागी 'पाहा' म्हणून लिही, आणि मूळ कोठले ते मी सांगेन.